लाल मुनियाच्या नावात अहमदाबाद

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारात बळ्ळारी नाल्याच्या कडेनं पावसाळा सरता सरता चालत गेलात तर गवतातून बारीक टी-टी ऐकू येते, आणि नीट बघेपर्यंत दहा-बारा चिमुकले पक्षी भुर्रकन उडून पुढच्या लव्हाळ्यात शिरतात. त्यातला नर लालभडक, अंगभर पांढरे ठिपके, कुंकवाच्या करंड्यात अक्षता सांडल्यासारखा. हीच लाल मुनिया, पुस्तकात लाल मनोली, कन्नडवाले दोस्त राटवाळ म्हणतात. चिमणीपेक्षा लहान, १० सेंटिमीटरच्या आसपास. भात, ऊस, पाण्याकाठचं उंच गवत असलं की तिचं भागतं, म्हणून इकडं चिकोडी-रायबागच्या ऊसपट्ट्यातपण बघायला मिळते.

नावाची गंमत बघा. इंग्रजीत अवडावट, शास्त्रीय नाव अमंडावा, आणि दोन्ही अहमदाबादचेच अपभ्रंश, कारण जुन्या काळी हे पक्षी तिथनं परदेशी जायचे. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५८ मध्ये तेच नाव पक्कं केलं. पक्षी गवतातला, नाव बाजारपेठेचं! पुढं पिंजऱ्यातनं सुटलेल्यांनी स्पेन, फिजी, हवाईत संसार थाटले ते वेगळंच.

आमच्या लहानपणी बाजारात बांबूच्या पिंजऱ्यात मुनिया दाटीवाटीनं भरलेल्या असायच्या. साध्या मुनियांना रंग लावून हिरव्या-पिवळ्या करून विकायचे. आत्यानं अशी एक हिरवी जोडी आणली, त्यांनी पहिल्याच आंघोळीत वाटीतलं पाणी हिरवं करून टाकलं. मग तिनं चांगला पारखून लाल नर घेतला, तर काही महिन्यांनी तोपण मातकट झाला, आत्या म्हणाली परत फसवलं. ह्यावेळी मात्र विकणाऱ्याची चूक नव्हती, विणीचा हंगाम संपला की नर लाल पिसं टाकतो आणि मादीसारखा तपकिरी होतो, पुढच्या हंगामात परत लाल. हे तेव्हा कुणाला ठाऊक!

मोठ्या जाळीघरात, गवत लावून, पिल्लांसाठी किडे-मुंग्या घातल्या तर ही जोडी गवताचा गोल खोपा करून अंडी घालते. वीतभर पिंजऱ्यात नुसत्या राळ्यावर कुठलं व्हायला? म्हणजे बाजारातल्या बहुतेक सगळ्या रानातनं जाळं टाकून धरलेल्याच.

वन्यजीव कायदा १९७२ चा, पण तेव्हा लायसन घेऊन मुनिया विकता यायच्या. १९९१ च्या दुरुस्तीनं देशी पक्ष्यांचा व्यापारच बंद झाला, परदेशी पाठवणंपण त्याच सुमारास थांबलं. चोरून चालतंच म्हणा. दुकानात आता उघड मिळतात ते झेब्रा फिंच, मूळ ऑस्ट्रेलियाचे, पण कित्येक पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेले, म्हणून राळ्यावर आणि मडक्यातल्या घरट्यावरपण खूश.

आत्याच्या त्याच पिंजऱ्यात आता झेब्राची जोडी आहे. परसातल्या भाताच्या बांधावर लाल नर येऊन बसला की ती अजून विचारते, "ह्याला कुणी रंग लावलाय काय रे?"