झाडावर चढणाऱ्याचा परवाना: सीमाभागातल्या झाडकामाची पार्श्वभूमी

बेळगावात घरासमोरचा आंबा तोडायचा झाला तर वनखात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. कर्नाटकाचा वृक्ष संरक्षण कायदा 1976 चा. झाड का तोडायचं, त्याच्या बदल्यात काय लावणार, हे सगळं तो विचारतो. त्या आंब्यावर चढणार कोण, त्याच्या कमरेला काय बांधलेलं असेल, वरच अडकला तर त्याला खाली कोण आणणार, हे मात्र विचारत नाही. गंमत अशी की परवानगीतून वगळलेल्या झाडांत निलगिरी, सिल्व्हर ओक, सुरू आणि नारळ येतात. म्हणजे उंच, सरळ, वाऱ्यात हेलकावणारी आणि कधी मधूनच मोडणारी झाडं. तिथे तर तेवढाही कागद लागत नाही.

असं का झालं ते पाहायला थोडं मागे जावं लागतं. या भागात झाडावरच्या कामाच्या दोन परंपरा होत्या, आणि शहरातल्या झाडाला हवी होती तिसरीच: दोरीवर लटकून झाड वरून तुकड्यातुकड्यांनी उतरवण्याची.

पहिली परंपरा जंगलतोडीची. मुंबई इलाख्यात 1847 साली अलेक्झांडर गिब्सन पहिले वनसंरक्षक झाले. इलाख्याच्या दक्षिणेकडच्या जंगलांतला साग जहाजांना आणि पुढे रेल्वेच्या स्लीपरांना हवा होता. खानापूर, सुपा, हल्याळ, दांडेली हा पट्टा त्या हिशोबात बसला, कुमरी म्हणजे जंगल तोडून-जाळून केलेल्या फिरत्या शेतीवर बंधनं आली, आणि डोंगरातले कुणबी, गवळी, सिद्दी खात्याच्या किंवा ठेकेदाराच्या मजुरीवर जाऊ लागले. डेहराडूनला 1878 मध्ये वनविद्यालय निघालं, ते रेंजर आणि अधिकाऱ्यांसाठी. कुऱ्हाड चालवणाऱ्याची शाळा म्हणजे मुकादमाचा आवाज. तरी तोडीचं ज्ञान पक्कं होतं. झाड ज्या बाजूला पाडायचं तिकडे बुंध्यात खाच घ्यायची, मागून करवत चालवायची, पाचर ठोकायची. आज पुस्तकात जे माप देतात ते त्याच रीतीचं नेमकं रूप आहे: खाच बुंध्याच्या व्यासाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतकी खोल, मधे न कापलेली बिजागरी व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी जाड, आणि पळायची वाट पडण्याच्या दिशेच्या उलट, तिरपी, आधीच साफ केलेली. बिजागरी आरपार कापली की झाड आपल्या मर्जीनं पडतं. एका बाजूला कललेल्या झाडाला मागून सरळ कापत गेलं तर बुंधा उभा चिरतो आणि मागचा भाग झटक्यात वर उसळतो. कापणाऱ्याची छाती नेमकी त्याच जागी असते.

पण ही विद्या उभं झाड सबंध पाडण्याची, आणि त्यासाठी झाडाच्या उंचीच्या दुप्पट तरी मोकळी जागा लागते. बेळगावातल्या टिळकवाडीत किंवा शहापुरात ती कुठून आणायची?

दुसरी परंपरा चढणाऱ्यांची. कारवार, अंकोला, जोयडा, शिरसीकडे माड आणि पोफळीवर चढणं हा पिढीजात धंदा. पोफळीचे घड उतरवणाऱ्याला तिकडे कोनेगौडा म्हणतात. पायात काथ्याचं वेटोळं अडकवून तो वर जातो आणि पावसाळ्यात सुपारी कुजवणाऱ्या कोळेरोगासाठी मोरचूद-चुन्याचं एक टक्का बोर्डो मिश्रणही फवारतो. पोफळ ओली आणि बुळबुळीत असताना करायचं हे काम. नवी पोरं या धंद्यात येईनाशी झाली तेव्हा नारळ विकास मंडळानं 2011 मध्ये केरळातून ‘नारळाच्या झाडाचे मित्र’ ही योजना सुरू केली: सहा दिवसांचं प्रशिक्षण, चढायचं यंत्र, आणि ‘केरा सुरक्षा’ नावाचा अपघात विमा. झाडावर चढणाऱ्या मजुराला शिक्षण, साधन आणि विमा एकत्र देणारी अशी योजना आपल्याकडे दुर्मीळच. मात्र ते यंत्र एका सरळ, बिनफांदीच्या खोडासाठी बनलेलं आहे. माडावर फांदी नसते, चेन सॉ न्यावी लागत नाही, सत्तर किलोचा ओंडका दोरीवरून हळू खाली सोडावा लागत नाही. रस्त्याकडेच्या पसरट वर्षावृक्षावर (रेन ट्री) हे तिन्ही करावं लागतं.

सत्तर किलो हा आकडा उगीच घातलेला नाही. ओलं लाकूड घनमीटरला साधारण एक टन धरलं तर तीस सेंटिमीटर जाड आणि एक मीटर लांब तुकडा सत्तर किलोच्या घरात जातो. डोळ्यांना तो पंचवीस-तीस किलोचा वाटतो. तो मीटरभर मोकळा पडून दोरीला हिसका देतो तेव्हा दोरीवर, गाठीवर आणि ज्या फांदीवर माणूस बांधलेला आहे तिच्यावर त्या वजनाच्या कित्येक पट ताण येतो.

बाहेरच्या देशांत या कामाला प्रमाणपत्र आलं त्याचं मोठं कारण यंत्र. पेट्रोलवर चालणाऱ्या करवती 1920 च्या दशकात जर्मनीत आल्या, पण त्या दोघांनी उचलायच्या. एका माणसाच्या हातात बसणाऱ्या करवती साधारण 1950 नंतरच्या. त्याआधी 1947 मध्ये जोसेफ कॉक्स या अमेरिकी लाकूडतोड्यानं लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे पाहून साखळीचे नवे दात बनवले. आजच्या साखळ्या त्याच धाटणीच्या आहेत. वेग वाढला तशा जखमाही वाढल्या. पात्याच्या टोकाचा वरचा चतुर्थांश कशाला लागला की करवत कापणाऱ्याच्या तोंडाकडे उलटते. त्यावर साखळीचा ब्रेक 1970 च्या दशकात आला. आपल्याकडे मशीन भाड्यानं घेताना पहिल्यांदा पाहायची गोष्ट हीच: पुढचा कठडा पुढे ढकलला की साखळी जागच्या जागी थांबते का. ब्रेक मोडल्यावर काढून टाकलेली मशीनं बाजारात सर्रास फिरतात.

अमेरिकेत झाडकामाच्या सुरक्षेचं झेड 133 हे मानक 1972 मध्ये निघालं. ब्रिटनमध्ये उंचीवरच्या कामाचे नियम 2005 चे, उचलण्याच्या साधनांचे 1998 चे. तिथली प्रशिक्षणाची उतरंड पाहण्यासारखी आहे. आधी जमिनीवर करवतीची देखभाल आणि आडवं लाकूड कापणं. मग 380 मिलिमीटर जाडीपर्यंतची झाडं पाडणं. मग दोरीवर चढणं, आणि त्याच परीक्षेत वर अडकलेल्या साथीदाराला खाली आणणं. ते जमलं तरच झाडावर करवत हातात मिळते. हा क्रम उलटा केला की माणूस मरतो, आणि आपल्याकडे तो बहुतेक वेळा उलटाच असतो: नवा गडी हलका म्हणून त्यालाच वर चढवतात.

सुटकेवर एवढा भर का, हे हार्नेसमध्ये, म्हणजे अंगाला बांधायच्या पट्ट्यांत, लटकून पाहिलेल्याला सांगावं लागत नाही. बेशुद्ध माणूस पट्ट्यात निश्चल लटकला की रक्त पायांत साचतं आणि काही मिनिटांत जिवावर बेततं. अग्निशमन दलाची शिडी येईपर्यंत थांबायला वेळ नसतो. म्हणून खाली उभ्या माणसांपैकी एकाला तरी चढून सुटका करता आली पाहिजे, आणि त्याची दोरी आधीच वर लावलेली असली पाहिजे. ब्रिटनच्या झाडकाम व्यवसायानं 2020 पासून चढणाऱ्यासाठी दोन स्वतंत्र दोऱ्यांचा आग्रह धरला, कारण एकट्या दोरीला करवत लागली तर खाली फक्त जमीन.

आंतरराष्ट्रीय वृक्षतज्ज्ञ संघटनेचं ‘सर्टिफाइड आर्बोरिस्ट’ प्रमाणपत्र 1992 पासून मिळतं. तीन वर्षांचा अनुभव, किंवा त्या विषयातलं शिक्षण आणि त्याहून कमी अनुभव, आणि वर लेखी परीक्षा. त्यात झाडावर चढावं लागत नाही. चढणाऱ्यासाठी त्याच संघटनेची वेगळी परीक्षा आहे, तिच्यात सुटकेचं प्रात्यक्षिक द्यावं लागतं. सल्लागाराच्या कागदावर पहिलं प्रमाणपत्र दिसलं म्हणून त्याचे गडी शिकलेले आहेत असं धरू नये. भारतात असे प्रमाणित लोक मोजकेच. तमिळनाडूत ऑरोव्हिलला दोरीवर काम करणारी चांगली तुकडी तयार झाली आहे. बेळगावहून तिथे जाऊन शिकायचं तर दहा-पंधरा दिवसांची मजुरी बुडते, आणि ती कोण भरून देणार हा पहिला प्रश्न.

छाटणीच्या शास्त्राचा इतिहासही याच काळातला. अॅलेक्स शायगो या अमेरिकी वनखात्याच्या संशोधकानं करवतीनं हजारो झाडं चिरून दाखवलं की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड कुजक्या भागाभोवती भिंती घालतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. फांदीच्या मुळाशी जो फुगीर गळा असतो तो राखला तर ती भिंत पक्की होते. खोडाशी अगदी सपाट कापली की गळाच जातो. कापल्यावर डांबर फासण्याची आपली जुनी सवय त्यामुळे निरुपयोगी ठरली. ओल आत कोंडते, एवढंच.

त्यातून तीन कापांची रीत रूढ झाली. पहिला काप गळ्यापासून सुमारे तीस सेंटिमीटर बाहेर, फांदीच्या खालून, पाव ते तिसरा हिस्सा खोल. जास्त खोल गेलात तर फांदी खचून पातं अडकतं. दुसरा काप त्याच्याही किंचित बाहेर, वरून. फांदी इथे सुटते, आणि खालचा काप असल्यामुळे साल सोलत खोडापर्यंत जात नाही. तिसऱ्या कापानं उरलेला खुंट गळ्याच्या बाहेरच्या कडेशी काढायचा. मे महिन्यात वळवाच्या आधी विजेच्या तारांजवळ घाईघाईनं होणाऱ्या तोडीत पहिला आणि तिसरा काप गाळतात. मग शेंड्याला पाणसोटांचा झुबका फुटतो. हे फुटवे सालीखालून निघालेले असतात, लाकडात रुजलेले नसतात. चार-पाच वर्षांत ते मनगटाएवढे होतात आणि पहिल्या वादळात निसटतात. त्याच तारेवर.

इथली जमीन आणि पाऊसही हिशोबात धरावा लागतो. खानापूर, कणकुंबीकडे जांभा दगड वरच असतो. मुळं पसरतात, खोल जात नाहीत, आणि पाऊस महिनोन्महिने थांबत नाही. शहरात गटारीसाठी नि काँक्रीटसाठी एका बाजूची मुळं छाटलेली असतात. असं झाड वरून हिरवंगार दिसतं. चढण्याआधी बुंध्याभोवती फिरून भेग, उचललेली माती, बुंध्यावरच्या अळंब्या पाहायच्या. लाकडी हातोडीनं ठोकून पोकळ आवाज येतो का ऐकायचं. फांद्यांमध्ये आग्यामोहोळ आहे का ते दुर्बिणीतून पाहायचं. मशीनच्या आवाजानं आग्यामाश्या उठल्या तर दोरीवरच्या माणसाला पळता येत नाही.

साधनांच्या बाबतीत बाजारात मिळतं ते आणि लागतं ते यांत अंतर आहे. हार्डवेअरच्या दुकानातला रंगीत पॉलिप्रॉपिलीनचा दोर घर्षणानं वितळतो. साधारण 165 अंश सेल्सिअसला ते प्लास्टिक पाणी होतं, आणि गाठ वेगानं सरकली की तेवढी उष्णता सहज निर्माण होते. चढायला युरोपच्या ईएन 1891 मानकाचा, 22 किलोन्यूटन (साधारण सव्वादोन टनांचा भार) सहन करणारा दोर घ्यावा. पूर्ण शरीराच्या हार्नेससाठी आपलं आयएस 3521 आहे, पण ते पडताना अडवण्यासाठी. झाडावर तासन् तास बसून काम करायला मांड्यांना आधार देणारा वेगळा पट्टा लागतो. बांधकामावरचं हेल्मेट झटक्यात डोक्यावरून सुटावं अशा बेतानं बनतं. चढणाऱ्याचं हनुवटीच्या पट्ट्यानं टिकून राहायला हवं. करवतीच्या पँटमध्ये लांब तंतूंचे थर असतात, ते साखळीत गुंतून तिचं चाक थांबवतात. एकदा कापली गेलेली पँट शिवून परत वापरायची नसते.

विजेबद्दल एवढंच: हेस्कॉमच्या, म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या, अकरा हजार व्होल्टच्या तारेपासून, विजेच्या कामाचं शिक्षण नसलेल्या माणसानं तीन मीटरच्या आत यायचं नाही. यात त्याची फांदी, त्याचा दोर आणि त्याची शिडीही आली. ओलं लाकूड वीज वाहतं. लाइन क्लिअर, म्हणजे वीज बंद केल्याची हमी, लेखी घ्यायची, तोंडी नाही, आणि दोन्ही बाजूंना अर्थिंग झाल्याचं, म्हणजे तार जमिनीला जोडल्याचं, डोळ्यांनी पाहायचं. शेजारच्या मंगल कार्यालयाचा जनरेटर उलटा वीज सोडू शकतो.

आता सीमेचा भाग. 1956 साली बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. झाडांचे कायदेही तसेच वाटले गेले. चंदगडच्या शेतातल्या झाडाला महाराष्ट्राचा 1964 चा तोड नियमन कायदा, बेळगावच्या झाडाला कर्नाटकाचा 1976 चा. झाडतोडीच्या टोळ्या मात्र दोन्हीकडे फिरतात. परवानगीचा कागद कानडीत, टोळीचं बोलणं मराठीत, मशीनची पुस्तिका इंग्रजीत. निदान ‘थांबा’, ‘सोडा’, ‘खाली कोणी नाही’ हे तीन शब्द आणि त्यांच्या हाताच्या खुणा काम सुरू होण्याआधी सगळ्यांनी एकदा म्हणून घ्याव्यात. मशीन चालू असताना शब्द ऐकूच येत नाहीत.

अपघात झालाच तर कायदा अगदी रिकामा नाही. 1923 च्या कामगार भरपाई कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत झाडं तोडणारे मजूर होतेच. 2000 च्या दुरुस्तीनं रोजंदारीवरच्या तात्पुरत्या माणसाला वगळणारे शब्दही काढले. त्या कायद्याच्या हिशोबानं तीस वर्षांचा, महिना पंधरा हजार मजुरीचा गडी गेला तर निम्मी मजुरी गुणिले त्या वयासाठी ठरलेला गुणक 207.98, म्हणजे 15,59,850 रुपये, मालकानं द्यायचे. विमा नसलेल्या ठेकेदाराकडे एवढे पैसे नसतात, म्हणून काम देतानाच पॉलिसीची प्रत मागून घ्यावी. आता हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. 1995 पासून दावा कुटुंब राहतं तिथेही लावता येतो. बेळगावात पडलेल्या चंदगडच्या माणसाच्या बायकोला त्यासाठी बेळगावच्या चकरा मारायची गरज नाही, कोल्हापुरात अर्ज चालतो. फक्त तो त्या ठेकेदाराकडे कामाला होता याचा पुरावा लागतो: हजेरीची वही, फोनवरून आलेली मजुरी, किंवा निदान कामाच्या दिवशीचा टोळीचा एक फोटो.