आरपीएमन्यू की आरपीएमसेव्ह: चालू फाइल कोणाची?

फेडोरा किंवा रेड हॅट लिनक्स अपग्रेड केल्यावर ईटीसी या सेटिंगच्या डिरेक्टरीत कधी कधी दोन प्रकारच्या फाइली उरतात. एकीच्या नावाला 'डॉट आरपीएमन्यू' हे शेपूट, दुसरीच्या नावाला 'डॉट आरपीएमसेव्ह'. बॅकअप असेल म्हणून बरेच जण दोन्हींकडे दुर्लक्ष करतात. अर्थ मात्र अगदी उलटे आहेत.

आरपीएमन्यू ही पॅकेजसोबत, म्हणजे अपग्रेडमध्ये येणाऱ्या सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यासोबत, आलेली नवी फाइल. तुम्ही बदललेली फाइल जागेवरच असते आणि सर्व्हिस (मागे चालणारा प्रोग्राम) तीच वाचते. आरपीएमसेव्ह ही तुमची फाइल, बाजूला काढलेली. मूळ नावावर आता पॅकेजची फाइल बसलेली असते. म्हणजे तुम्ही बदललेला पोर्ट, घातलेली बंधनं, काहीच लागू नाही. तरी सर्व्हिस बिनतक्रार सुरू होते, म्हणून मला हाच प्रकार जास्त घातक वाटतो. अपग्रेडनंतर सेव्ह दिसली की ती त्याच दिवशी निस्तरा. (पॅकेज काढून टाकल्यावरही बदललेली फाइल सेव्ह म्हणून उरते, तिची घाई नाही.)

न्यू की सेव्ह, हे पॅकेज बनवणारा ठरवतो. कॉन्फिग, म्हणजे सेटिंगच्या, फाइलवर 'नोरिप्लेस' अशी खूण असेल तर न्यू, नसेल तर सेव्ह. तेही तुम्ही फाइल बदललेली असेल आणि पॅकेजमधली फाइलही आधीपेक्षा वेगळी असेल तरच. पॅकेजमधली फाइल तीच राहिली, तर तुमच्या फाइलला धक्का लागत नाही.

डेबियन हे दुसरं लिनक्स कोणती फाइल ठेवायची ते सहसा तुम्हालाच विचारतं. वाय दाबलं की तुमची फाइल 'डीपीकेजी-ओल्ड' होते. एन दाबलं की पॅकेजची फाइल 'डीपीकेजी-डिस्ट' म्हणून शेजारी राहते. नुसतं एंटर म्हणजे एन. आधी डी दाबून फरक बघावा.

न्यू फाइल न बघता उडवू नका. नव्या आवृत्तीने काढून टाकलेला एखादा पर्याय तुमच्या जुन्या फाइलीत राहिला, तर सर्व्हिस सुरूच न होण्याची शक्यता असते. फेडोरावर आरपीएमकॉन्फ हे टूल एकेक फाइल समोर आणून फरक दाखवतं.

शक्य तिथे मुख्य फाइलीला हातच न लावणं उत्तम. दुरून लॉगिन करू देणाऱ्या एसएसएच सर्व्हरसाठी 'एसएसएचडी-कॉन्फिग-डॉट-डी' फोल्डरमध्ये स्वतःची छोटी फाइल ठेवा. तिथे फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि बहुतेक सेटिंगची पहिली सापडलेली किंमत धरली जाते, म्हणून तुमच्या फाइलीचं नाव ०१ ने सुरू करा. रेड हॅटची स्वतःची फाइल ५० ने सुरू होते.