न्यूट्रिनो प्रक्रिया

महाकाय ताऱ्याचा गाभा कोसळताना सुटणारे न्यूट्रिनो, म्हणजे पदार्थाशी क्वचितच टक्कर होणारे अतिसूक्ष्म कण, वरच्या थरांतील अणुकेंद्रकांवर आदळून नवी मूलद्रव्ये घडवतात, ती प्रक्रिया. निसर्गातील बोरॉन-११, लिथियम-७ व फ्लोरिन-१९ यांचा काही वाटा तिच्यातून येतो (नावापुढचा आकडा म्हणजे अणुकेंद्रकातल्या प्रोटॉन व न्यूट्रॉनची एकूण संख्या).

लिथियम, बेरिलियम आणि बोरॉन ही नाजूक मूलद्रव्ये. लिथियम तर ताऱ्याच्या पोटात साधारण २५ लाख केल्विनलाच जळून जाते. विश्वकिरणांच्या, म्हणजे अवकाशात प्रचंड वेगाने धावणाऱ्या कणांच्या, माऱ्याने अवकाशातले कार्बन व ऑक्सिजन फुटतात आणि त्या तुकड्यांतून ही मूलद्रव्ये मिळतात. बोरॉनपाशी मात्र हा हिशेब अडतो. या फुटण्यातून बोरॉन-१० च्या एका अणूमागे बोरॉन-११ चे सुमारे अडीचच निघतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट काचेची साधी परीक्षानळी घेतली, तरी तिच्यातले प्रमाण एकास चार भरते. हा जास्तीचा बोरॉन-११ कुठून आला, याचे एक भक्कम उत्तर न्यूट्रिनो देतात.

गाभा कोसळल्यावर साधारण दहा सेकंदांत १ वर ५८ शून्ये इतके न्यूट्रिनो सुटतात आणि मोकळ्या झालेल्या ऊर्जेपैकी सुमारे ९९ टक्के घेऊन जातात. एकेकटा न्यूट्रिनो अख्खी पृथ्वी सहज पार करतो. पण लोंढाच एवढा, की थोड्यांची तरी टक्कर होतेच. कार्बन-१२ ला धक्का बसून त्यातला प्रोटॉन उडाला की बोरॉन-११ उरतो. न्यूट्रॉन उडाला तर कार्बन-११ होतो आणि त्याचाही पुढे बोरॉन-११ च बनतो. हीलियमच्या थरात अणुकेंद्रक फुटून ट्रिटियम (हायड्रोजन-३) किंवा हीलियम-३ सुटतो. तो दुसऱ्या हीलियमला मिळाला की लिथियम-७ किंवा बेरिलियम-७ तयार होतो. बेरिलियम-७ चेही कालांतराने लिथियम-७ होते. निऑन-२० पासून फ्लोरिन-१९ मिळतो. मागून येणारी स्फोटाची आघातलाट आतल्या थरांतला बराच माल जाळते, बाहेरच्या थंड थरांतला वाचतो.

सोव्हिएत शास्त्रज्ञ डोमोगात्स्की व नाद्योझिन यांनी १९७० च्या दशकात ही दिशा दाखवली. १९९० मध्ये वूसली, हार्टमन, हॉफमन व हॅक्स्टन यांनी तिची सविस्तर गणिते मांडली.

असा एक लोंढा ठाण्यातूनही गेला आहे. २३ फेब्रुवारी १९८७, सोमवार, दुपारी १ वाजून ५ मिनिटे. ज्या मोठ्या मॅजेलनी मेघात, म्हणजे आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेत, तारा कोसळला होता, तो तेव्हा ठाण्याच्या क्षितिजाखाली होता. त्यामुळे न्यूट्रिनो दक्षिणेकडून, जमिनीतून तिरपे वर आले: मासुंदा तलावाच्या पाण्यातून, तलावपाळीवरून चाललेल्या माणसांच्या अंगातून, नखाएवढ्या जागेतून हजार कोटींहून अधिक. कुणाला काही जाणवले नाही. जपान, अमेरिका व सोव्हिएत संघातल्या भूमिगत उपकरणांना मिळून जेमतेम पंचवीस सापडले. तिथून निघताना, सुमारे १ लाख ६५ हजार वर्षांपूर्वी, हाच लोंढा त्या ताऱ्याच्या कार्बनच्या थरातून गेला होता.