प्रवासी आसन सेन्सरचे दोषनिदान

मोटारीत चालकाशेजारच्या सीटवर कोणी आहे का आणि असल्यास ते प्रौढ आहे की लहान मूल, हे ओळखणाऱ्या यंत्रणेतील बिघाड शोधण्याची पद्धत. पुढच्या सीटवरची मुले फुगणाऱ्या एअरबॅगच्या तडाख्याने दगावू लागल्यावर अमेरिकेने २००० साली आपले सुरक्षा मानक क्रमांक २०८ सुधारले. सीटवर मूल असेल तर एअरबॅग बंद राहावी किंवा बेताने फुगावी, ही अट त्यातून आली.

तपासणीआधी हा सेन्सर कोणत्या कामाचा आहे ते पाहावे लागते. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत पुढच्या दोन्ही सीटसाठी बेल्टची आठवण देणारा बझर सक्तीचा झाला. अनेक गाड्यांत सीटच्या कापडाखालची पट्टी फक्त या बझरसाठी असते. तिचा एअरबॅगशी संबंध नसतो. सीटवर भाजीची पिशवी ठेवली आणि बझर वाजला, तर तो बिघाड नव्हे.

वजन ओळखणाऱ्या सेन्सरचे मुख्य प्रकार तीन: फोमखालची द्रवभरली पिशवी व तिचा दाबमापक, सीटच्या पायांशी बसवलेले भारमापक आणि दाबाने विद्युत रोध बदलणारी चटई. भारमापकाला सीटखाली अडकलेली छत्री किंवा पाण्याची बाटलीही फसवते, कारण सीटचे थोडे वजन तीच पेलते. म्हणून मापनयंत्र हाती घेण्याआधी सीटखाली वाकून पाहणे शहाणपणाचे. जाड सीट कव्हर, ओली गादी यांचाही संशय घ्यावा.

डॅशबोर्डवरचे दोन दिवे वेगळे. ‘प्रवासी एअरबॅग बंद’ हा दिवा सीटवर मूल असताना पेटणे अपेक्षितच. प्रौढ नीट टेकून बसल्यावरही तो पेटलेला राहिला, तर शंका घ्यावी. एअरबॅगचा इशारा-दिवा मात्र सतत जळत असेल, तर दोष नोंदला गेलेला असतो. गाडीच्या संगणकात नोंदलेले दोष-कोड स्कॅनर नावाच्या उपकरणाने वाचतात. स्वस्त स्कॅनर बहुधा ‘पी’ने सुरू होणारे इंजिनाचे कोड तेवढे वाचतो. इथे ‘बी’ने सुरू होणारे कोड वाचणारा लागतो.

पुष्कळदा दोष वायरिंगमध्ये सापडतो. सीट पुढे-मागे सरकताना तारा ताणतात, सांडलेला चहा पिवळ्या कनेक्टरच्या पिनांवर गंज धरतो. स्कॅनरवर सेन्सरचे आकडे चालू ठेवून सीट हळूहळू सरकवावी. एका ठरावीक जागी आकडा उडाला, तर तार तिथेच तुटत आहे. कनेक्टर सोडवण्यापूर्वी इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह केबल काढावी आणि उत्पादकाने सांगितलेली काही मिनिटे थांबावे. एअरबॅगच्या तारांना ओहममीटर (रोध मोजणारे यंत्र) लावू नये. त्याच्या क्षीण प्रवाहानेही बॅग उडण्याचा धोका असतो. दिवा घालवण्यासाठी सेन्सरच्या जागी रेझिस्टर ठोकण्याचा जुगाड काही गॅरेजवाले करतात. मग सीटवर मूल आहे की मोठा माणूस, हे गाडीला कधीच कळत नाही.

पिशवीच्या प्रकारात काही उत्पादक फोम, पिशवी आणि मॉड्यूल (सेन्सरचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) कारखान्यात एकत्र जुळवूनच देतात, त्यामुळे सुटा भाग बदलून भागत नाही. भारमापकाच्या गाडीत सीट खोलून परत बसवली की बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळून रिकाम्या सीटवर शून्य-जुळवणी करावी लागते, म्हणजे रिकाम्या सीटचा भार शून्य धरायला यंत्रणेला शिकवावे लागते.

काही दोष मुळातच कारखान्यातले असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये होंडाने अमेरिकेत सुमारे ७.५ लाख गाड्या परत बोलावल्या: सीटच्या वजन-सेन्सरमधला कपॅसिटर तडकून शॉर्ट होत होता आणि बंद राहायला हवी तेव्हाही एअरबॅग फुगू शकत होती. त्यामुळे महाग मॉड्यूल विकत घेण्याआधी चासी नंबर टाकून रिकॉल तपासावा. यादीत गाडी असेल तर दुरुस्ती कंपनीच्या खर्चाने होते.