कोलंबो: बंदराने जमवलेली माणसं

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत श्रीलंकेची राजधानी ‘श्री जयवर्धनेपुर कोट्टे’ अशी दिलेली असते, आणि ती बरोबर आहे. १९८२ साली संसद तिथे हलली. तरी मुख्य बंदर, बहुतेक दूतावास, बँका, राष्ट्रपतींचं निवासस्थान हे सगळं कोलंबोतच राहिलं. कोट्टे हे पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या एका बलाढ्य राज्याचं ठाणं, आणि तिथून पायी काही तासांवर असलेलं कोलंबो हे त्याचं बंदर. स्थानिक राजांनी कोलंबोला आपल्या मर्जीने कधी राजधानी केलं नाही. कोट्टेचा शेवटचा राजा धर्मपाल १५६५ मध्ये पोर्तुगीजांच्या आसऱ्याला कोलंबोत येऊन राहिला, तोही नाइलाजाने. या शहराला राजधानी केलं ते बाहेरून आलेल्यांनी. बंदर ज्याच्या हाती गेलं, त्याने आपल्या कामापुरती माणसं आणली. काम संपलं, सत्ता गेली, माणसं राहिली. कोलंबोच्या सरमिसळीमागचं मुख्य कारण हेच आहे.

गोऱ्यांच्या आधीही हे चालूच होतं. १३४४ मध्ये बेटावर आलेल्या इब्न बतूताने कोलंबोचा उल्लेख मोठं, सुंदर शहर असा केला आहे. तिथे जालस्ती नावाचा समुद्राचा अधिपती असून त्याच्या पदरी सुमारे पाचशे हबशी असल्याचंही तो सांगतो. अरब व्यापाऱ्यांचे वंशज तोवर किनाऱ्यावर स्थिरावले होते. मोरोक्कोच्या मुसलमानांसाठी आपल्याकडे असलेलं नाव पोर्तुगीजांनी त्यांनाही चिकटवलं, म्हणून ते आजही ‘मूर’. घरात बहुतेक जण तमिळ बोलतात, पण स्वतःला तमिळ म्हणवत नाहीत.

पोर्तुगीज १५०५ च्या सुमारास आले. त्यांचा वकील राजाला भेटायला निघाला, तेव्हा राजधानी किती जवळ आहे हे कळू नये म्हणून वाटाड्यांनी त्याला तीन दिवस रानावनातून फिरवलं, अशी कथा सांगतात. बंदरातल्या जहाजावरून ठरावीक वेळाने तोफ उडत होती आणि तिच्या आवाजावरून पाहुण्यांनी अंतर ताडलं, हा तिचा दुसरा भाग. अजूनही कुणी उगाच लांबचा रस्ता धरला, की सिंहली माणूस ‘परंगी (म्हणजे पोर्तुगीज) कोट्टेला गेला तसा’ असं म्हणतो.

१६२६ मध्ये पोर्तुगीजांनी मूरांना आपल्या मुलखातून हाकललं. बेटाच्या मधल्या डोंगराळ भागातल्या कँडी राज्याचा बौद्ध राजा सेनरत याने त्यांना आसरा दिला आणि बऱ्याच जणांना पूर्व किनाऱ्यावर वसवलं. पुढे इंग्रजांच्या काळात मूर कोलंबोत पुन्हा बळावले. पेट्टाह बाजारातली लाल-पांढऱ्या पट्ट्यांची जामी उल-अल्फार मशीद १९०८-०९ ची. १८७७ मध्ये उघडलेलं राष्ट्रीय संग्रहालय बांधणारा कंत्राटदार वापिची मरिक्कर हाही मूरच. बक्षीस काय हवं असं गव्हर्नरने विचारलं, तेव्हा त्याने फक्त शुक्रवारी संग्रहालय बंद ठेवा असं सांगितलं, अशी आख्यायिका आहे.

सात महिन्यांच्या वेढ्यानंतर १६५६ मध्ये शहर डचांकडे गेलं. त्यांना लंकेतून हवी होती दालचिनी. आज श्रीमंतांचे बंगले असलेल्या सिनॅमन गार्डन्समध्ये त्यांनी तिची लागवड केली. किल्ल्याच्या पूर्वेला आखीव रस्त्यांची वस्ती वसवली, ती आजची पेट्टाह. वोल्फेन्डाल टेकडीवर चर्च बांधायला १७४९ मध्ये सुरुवात झाली आणि ते १७५७ मध्ये खुलं झालं. आत डच गव्हर्नरांच्या थडग्यांचे दगड आहेत. पोर्तुगीज-डच आणि स्थानिकांच्या संसारांतून बर्गर समाज तयार झाला. (खायच्या बर्गरशी याचा संबंध नाही, मात्र त्यांचा लाम्प्राइस खाऊन बघावा असाच आहे: रश्श्यात शिजवलेला भात, मटणाचं कालवण, वांग्याची भाजी, मांसाचे छोटे गोळे, सगळं केळीच्या पानात बांधून भाजलेलं.)

डचांनी आणलेली माणसं मात्र बहुतेक बळजबरीने आली होती. आफ्रिकेतून आणि इतरत्र आणलेल्या गुलामांना रात्री बेरा तलावाने वेढलेल्या जमिनीवर ठेवत. पळून जाऊ नयेत म्हणून तलावात मगरी सोडल्या होत्या असं म्हणतात. इंग्रजांनी त्या भागाचं नाव ‘स्लेव्ह आयलंड’ ठेवलं आणि नकाशावर ते तसंच राहिलं. सिंहलीत तोच भाग ‘कोम्पन्ञ वीदिय’, म्हणजे कंपनीची गल्ली. जावा आणि आसपासच्या बेटांवरून डचांनी सैनिक आणले, तसे हद्दपार केलेले राजघराण्यातले लोकही. हे झाले मलय. इंग्रजांनी त्यांना सिलोन रायफल्समध्ये भरती केलं. १८७३ मध्ये ती पलटण मोडली, तरी रायफल स्ट्रीट, मलय स्ट्रीट, जावा लेन ही नावं टिकली. मलय भाषेतल्या सुरुवातीच्या वृत्तपत्रांपैकी एक, ‘आलामत लंकापुरी’, १८६९ मध्ये निघालं ते कोलंबोतून, अरबी वळणाच्या लिपीत.

इंग्रजांचं राज्य आलं १७९६ मध्ये. कॉफी, मग चहा, रेल्वे, सुएझ कालवा आणि १८७५ मध्ये सुरू झालेली बंदराची लाटरोधक भिंत, यांमुळे गॉल बंदर मागे पडलं आणि आशियाकडे जाणारी जहाजं कोलंबोला थांबू लागली. पैशाच्या मागून व्यापारी आले: सी स्ट्रीटवर चेट्टियार सावकार आणि सोनार, पेट्टाहमध्ये बोहरी, मेमन, सिंधी. मुंबईच्या एका पारशी कुटुंबाने वडिलांच्या स्मरणार्थ १९२३ मध्ये उभारलेला खान क्लॉक टॉवर पेट्टाहच्या तोंडाशी आजही आहे. बाजाराची वाटणीही अजून जुन्या चालीची: सी स्ट्रीटला सोनं, गॅबोज लेनला आयुर्वेदाच्या जडीबुटी.

गोव्याशी कोलंबोचं नातं यापेक्षा जुनं आणि खोल आहे. कॅथलिकांवर डचांची बंदी असताना साकवाळचे पाद्री जुझे वाझ १६८७ मध्ये मजुराच्या वेषात लंकेत उतरले आणि चोरून प्रार्थना चालवत राहिले. त्यांच्यामागून आलेल्या, दिवाडी बेटावर जन्मलेल्या जाकोम गोन्साल्विस यांनी सिंहली आणि तमिळ या दोन्ही भाषांत इतकं लिहिलं, की सिंहली कॅथलिक साहित्य त्यांच्यापासून सुरू होतं असं मानतात. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी वाझ यांना संतपद दिलं, ते कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर.

मराठी घरांना मात्र कोलंबो ओळखीचं झालं ते रेडिओतून. महायुद्धात दोस्त सैन्यासाठी उभारलेलं ताकदवान प्रसारण केंद्र नंतर सिलोन सरकारकडे आलं. १९५२ मध्ये आपलेच बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं. त्याच वर्षाच्या शेवटी रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सयानींचा आवाज मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, फिती विमानाने कोलंबोला जायच्या, आणि गाणी परत इकडच्या घराघरांत ऐकू यायची. केसकरांच्या शास्त्रीय संगीताच्या प्रेमाचा असा फायदा कोलंबोला झाला.

स्वातंत्र्य १९४८ मध्ये मिळालं आणि लगेचच या शहराचा मालक कोण, हा प्रश्न पुढे आला. १९५६ च्या कायद्याने सिंहली ही एकमेव राजभाषा झाली. इंग्रजीवर नोकऱ्या करणाऱ्या बर्गरांनी मोठ्या संख्येने ऑस्ट्रेलिया गाठलं. ‘गोऱ्यांचा ऑस्ट्रेलिया’ हे धोरण चालू असल्याने त्यांना आपलं युरोपीय रक्त सिद्ध करावं लागे, आणि वंशावळीची कागदपत्रं अचानक मौल्यवान झाली. तमिळांचं नुकसान कितीतरी मोठं. जुलै १९८३ मध्ये उत्तरेकडच्या जाफन्यात तमिळ बंडखोरांच्या हल्ल्यात १३ सैनिक मारले गेले, त्यांच्या अंत्यविधीसाठी बोरेल्लाच्या स्मशानाजवळ जमाव जमला, आणि त्या रात्रीपासून कोलंबोत तमिळांची घरं-दुकानं जळू लागली. हल्लेखोरांच्या हातात मतदारयाद्या होत्या, त्यामुळे हा केवळ उसळलेला राग होता असं म्हणणं मला पटत नाही. तरीही सैन्य आणि तमिळ बंडखोर यांच्यातल्या उत्तरेतल्या युद्धामुळे पुढे अनेक तमिळ कुटुंबं कोलंबोच्याच वेल्लवत्ते भागात येऊन राहिली. २००१ च्या जनगणनेत देशात बहुसंख्य असलेले सिंहली कोलंबो महापालिकेच्या हद्दीत चाळीस टक्क्यांच्या आसपासच होते.

‘सगळे गुण्यागोविंदाने नांदतात’ हे पर्यटन-पत्रकांतलं वाक्य म्हणून मला खोटं वाटतं. पण त्याच्या उलट टोकाचं चित्रही अपुरंच. बेरा तलावातलं सीमा मालक हे बौद्ध ध्यानस्थान वास्तुविशारद जेफ्री बावा यांनी १९७० च्या दशकात नव्याने रचलं, त्यासाठी पैसे एका मुस्लिम दांपत्याने आपल्या मुलाच्या स्मरणार्थ दिले, आणि आवारात हिंदू देवताही आहेत. कोलंबोतल्याच कोच्चिकडेच्या सेंट अँथनी चर्चमध्ये मंगळवारी नवस बोलायला हिंदू, बौद्ध, मुसलमान सगळेच येत. २१ एप्रिल २०१९ च्या ईस्टरला बॉम्बस्फोट झाले, त्यांत हे चर्चही होतं. त्यानंतर काही आठवडे सामान्य मुसलमान दुकानदारांनी बहिष्कार आणि दंगली सोसल्या. तीनच वर्षांनी, २०२२ च्या आर्थिक संकटात, गॉल फेसवरच्या आंदोलनात रमजानचा उपवास सगळ्यांनी मिळून सोडला, आणि १८ मेला युद्धात मेलेल्या तमिळांची आठवण म्हणून तिथे कांजी वाटली गेली. त्याआधी कोलंबोत हे उघडपणे करण्याची कल्पनाही अवघड होती.

सध्याचा ताण वेगळा आहे, जमिनीच्या भावाचा. स्लेव्ह आयलंडचं अधिकृत नाव आता तिन्ही भाषांत ‘कोम्पन्ञ वीदिय’ करण्याचं ठरलं आहे, आणि ते योग्यच झालं. पण त्याच भागात उंच इमारती उभ्या राहिल्या, जुनी घरं आणि दुकानांच्या ओळी पाडल्या गेल्या, आणि मलय, मूर, तमिळ, सिंहली कुटुंबांतली बरीचशी सरकारी सदनिकांकडे पाठवली गेली. डच चर्च आणि राष्ट्रीय संग्रहालय यांना कायद्याचं संरक्षण मिळू शकतं. जावा लेनच्या रहिवाशांना तसं काही मिळालं नाही.