एक पाककृती, चौदाशे ब्रुअऱ्या

८ नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी कॅलिफोर्नियातल्या ब्यूट काउंटीत वणवा पेटला. ‘कॅम्प फायर’ हे त्याचं नाव. पॅरडाइस नावाचं गाव जवळजवळ पूर्ण बेचिराख झालं, ८५ माणसं गेली. तिथून जवळच चिको नावाचं शहर आहे आणि तिथे सिएरा नेवाडा ही ब्रुअरी १९८० पासून चालते. अमेरिकेत क्राफ्ट बिअरची, म्हणजे छोट्या, स्वतंत्र ब्रुअऱ्यांच्या बिअरची, जी लाट आली, तिच्या मूळपुरुषांमध्ये ही मोजली जाते. तिचे संस्थापक केन ग्रॉसमन यांनी देशभरातल्या ब्रुअऱ्यांना पत्र लिहिलं. ही घ्या आमची पाककृती, तुमच्या गावात ही बिअर गाळा, आणि विक्रीचे सगळे पैसे वणव्यात घरदार गमावलेल्यांना द्या, असा त्याचा आशय. पुरवठादारांनी मॉल्ट आणि हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं) फुकट दिले. २७ नोव्हेंबरला चिकोमध्ये आधण चढलं आणि पुढे १,४०० हून अधिक ब्रुअऱ्या सामील झाल्या. बिअरचं नाव ‘रेझिलियन्स’, प्रकार आयपीए (इंडिया पेल एल, म्हणजे जास्त हॉप्सची कडवट बिअर), अल्कोहोल ६.५ टक्के, कडूपणा ६४ आयबीयू.

माणुसकीची गोष्ट म्हणून हे तेव्हा खूप छापून आलं, आणि ते योग्यच होतं. माझं कुतूहल जरा वेगळं आहे. संयुक्त बिअर म्हणजे एरवी दोन-तीन शेजारच्या ब्रुअऱ्यांची मंडळी एकाच्या कारखान्यात जमतात आणि एकच घाणा काढतात. तिथे पाणी एक, भांडं एक, यीस्ट एक. चव कुणामुळे आली, हे कळायला मार्गच नाही. ‘रेझिलियन्स’चं उलट होतं. पाककृती एकच, बाकी सगळं गावागणिक वेगळं. प्रयोगशाळेत असा प्रयोग आखायचा म्हटलं तर कुणी पैसे देणार नाही. इथे तो आपोआप घडला.

पाककृती साधी आहे. मोड आणून वाळवलेला सातू, म्हणजे मॉल्ट. त्यात थोडा क्रिस्टल मॉल्ट, ज्यात भाजताना दाण्याच्या आतच साखर होऊन तिचं कॅरॅमल झालेलं असतं. आणि कॅस्केड व सेंटेनियल या दोन जातींचे हॉप्स. कॅस्केड १९७२ साली ऑरेगनमधून बाजारात आली आणि अमेरिकन बिअरचा वास म्हणून आज जो ओळखला जातो, तो मुख्यतः तिच्यामुळे. अमेरिकन लोक त्याला ग्रेपफ्रूट म्हणतात. आपल्याकडे गणपतीच्या दिवसांत पपनस सोलताना सालीतून जो तेलकट, कडवट तुषार उडतो, तो आठवा. फरक फार नाही.

आता पाणी. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, म्हणून सगळी जादू पाण्यात, असं ब्रुअरीवाले अभिमानाने सांगतात. त्यात तथ्य आहे आणि त्याचा आपल्याशी संबंधही आहे. आयपीएमधला ‘आय’ म्हणजे इंडिया. अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मुंबई, मद्रास, कलकत्त्याला पिंपं यायची, ती लंडनच्या हॉजसन यांच्या ब्रुअरीची. हॉजसननी खास हिंदुस्थानसाठी नवी बिअर शोधून काढली, ही कथा फार लोकप्रिय आहे, पण तिला पुरावा नाही. उष्ण देशांत पाठवायच्या बिअरमध्ये हॉप्स जास्त घालावेत, हे इंग्लंडमध्ये आधीपासून माहीत होतं. हॉप्समधले कडू पदार्थ काही जिवाणूंना वाढू देत नाहीत, एवढंच त्यामागचं शास्त्र. १८२० च्या दशकात बर्टन-ऑन-ट्रेंट गावच्या ब्रुअऱ्या या धंद्यात उतरल्या आणि त्यांची बिअर जास्त नितळ, जास्त खणखणीत कडू लागली. कारण त्यांच्या विहिरींचं पाणी जिप्समच्या थरांतून झिरपलेलं होतं. त्यात सल्फेट भरपूर. सल्फेटने कडूपणाला धार येते आणि घोट कोरडा लागतो. क्लोराइड जास्त असेल तर तोच घोट भरीव, किंचित गोडसर वाटतो.

पण आज हे रहस्य राहिलेलं नाही. ऑरेगनच्या पोर्टलंड शहराला बुल रन खोऱ्यातून येणारं पाणी अतिशय मृदू आहे. तिथला ब्रुअर वजन करून जिप्सम टाकतो आणि त्याला बर्टन घरबसल्या मिळतं. म्हणून ‘आमच्या गावचं पाणीच तसं’ हे वाक्य ऐकलं की मी फारसा हुरळून जात नाही. पाणी दुरुस्त करता येतं. खरी गंमत पुढच्या पायऱ्यांवर आहे.

कढईपाशी जरा थांबू. हॉप्समधली अल्फा आम्लं मुळात पाण्यात नीट विरघळतही नाहीत आणि फारशी कडूही नसतात. उकळताना त्यांच्या रेणूची आतली रचना बदलते, तेच अणू वेगळ्या मांडणीत बसतात आणि तयार होतात आयसो-अल्फा आम्लं. बिअरचा कडूपणा तो हा. एक आयबीयू म्हणजे ढोबळमानाने लिटरमागे एक मिलिग्रॅम आयसो-अल्फा आम्ल. घातलेल्या अल्फा आम्लांपैकी जेमतेम तिसरा हिस्सा शेवटपर्यंत पोचतो. बाकीचा गाळात, फेसात आणि यीस्टला चिकटून जातो.

हा बदल तापमानावर फार अवलंबून असतो. चिको समुद्रसपाटीच्या जवळ आहे, तिथे पाणी १०० अंशांना उकळतं. डेन्व्हर १,६०० मीटर उंचीवर, तिथे ते ९५ अंशांच्या आसपासच उकळू लागतं. कितीही जाळ लावा, उघड्या भांड्यात त्याच्या वर जात नाही. पाच अंशांचा फरक किरकोळ वाटतो, पण या अभिक्रियेचा वेग तेवढ्याने साधारण एक तृतीयांशाने घटतो. तीच पाककृती, तेवढेच हॉप्स, तेवढाच वेळ, आणि डोंगरावरची बिअर कमी कडू. ब्रुअरला ते ठाऊक असतं म्हणून तो हॉप्स वाढवतो किंवा जास्त वेळ उकळतो. पण जास्त उकळलं की रंग गडद होतो आणि वास उडून जातो. एक दुरुस्त करायला जावं तर दुसरं हलतं.

भांड्याच्या आकाराचंही तसंच. हॉप्सचा शेवटचा हप्ता आच बंद केल्यावर टाकतात, वासासाठी. हजारो लिटरचं भांडं निवायला बराच वेळ लागतो, आणि तोवर ‘वासासाठी’ टाकलेले हॉप्स मुकाट्याने कडूपणाही देत राहतात. गल्लीतल्या लहान ब्रुअरीचा घाणा लवकर गार होतो, त्यामुळे तिथे वास जास्त टिकतो आणि कडूपणा कमी भरतो. लहान ब्रुअरीच्या बिअरला ‘प्रेमाने बनवलेली’ म्हणतात. कधीकधी ती फक्त लवकर निवलेली असते.

वासाचे रेणू मात्र आपल्या चांगल्या ओळखीचे आहेत. हॉप्समधला लिनालूल हा धन्यांच्या तेलातला मुख्य घटक. मायर्सीन गवती चहातही सापडतं. जिरॅनिऑल म्हणजे रोशा गवताच्या तेलाचा प्राण. गुलाबातही ते असतं. म्हणजे आयपीए हुंगताना नाकाला जे भेटतं, त्यातलं बरंचसं मराठी घराच्या फडताळात आणि परसात आधीच हजर आहे. यीस्ट या रेणूंना हात न लावता सोडत नाही. किण्वन चालू असतानाच थंड टाकीत हॉप्स टाकले, तर यीस्ट जिरॅनिऑलचा काही भाग सिट्रोनेलॉलमध्ये बदलतं आणि गुलाबाकडे झुकणारा वास लिंबाकडे सरकतो. किण्वन संपल्यावर टाकले, तर हे फारसं होत नाही. पाककृतीच्या कागदावर ग्रॅम अचूक असतात. पण टाकी अजून फसफसत होती की शांत झाली होती, हे तो कागद ठरवत नाही.

यीस्टच्या बाबतीत ‘रेझिलियन्स’मध्ये एक गंमत झाली असणार. सिएरा नेवाडा वापरते त्या वाणाला सगळा धंदा ‘चिको यीस्ट’ म्हणून ओळखतो, आणि त्याची भावंडं निरनिराळ्या कंपन्यांच्या पाकिटांतून अमेरिकेत सर्वत्र विकली जातात. हा वाण स्वतःचा वास फारसा सोडत नाही, मॉल्ट-हॉप्सना बोलू देतो. ज्यांनी तो वापरला, त्यांची बिअर मूळच्या जवळ गेली असेल. ज्यांनी आपलं घरचं इंग्लिश यीस्ट घातलं, त्यांच्याकडे फळांसारखे वास देणारी एस्टर जास्त तयार झाली असतील. आणि ज्यांनी घाईने टाकी गार केली, त्यांच्या बिअरमध्ये लोण्यासारखा वास राहिला असेल. तो डायअॅसिटिलचा. यीस्ट किण्वनात त्याचा पूर्वज पदार्थ सोडतं आणि पुढे तयार झालेलं डायअॅसिटिल परत शोषूनही घेतं, फक्त त्याला दोन-तीन दिवस उबेत द्यावे लागतात. टाकी रिकामी करण्याची निकड असलेल्या ब्रुअरीला नेमके तेच परवडत नाहीत.

एवढं सगळं सांगूनही माझं मत असं, की दोन गावच्या ‘रेझिलियन्स’मधला सगळ्यात मोठा फरक ना पाण्याने पडला असेल, ना यीस्टने. तो पडला असेल प्राणवायूने आणि दिवसांनी. आयपीएचा वास हा नाशवंत माल आहे. कॅन भरताना आत गेलेली हवा अब्जांशांत मोजावी लागते. मोठ्या कारखान्यांकडे ते मोजायचं यंत्र असतं. नळावरून उघड्या भांड्यात बिअर भरून देणाऱ्या छोट्या ब्रुअरीच्या भांड्यात हवा कितीतरी पटींनी जास्त शिरते. आधी पपनस जातं, मग मधासारखा, ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. त्या पुठ्ठ्याच्या वासाशी जोडला जाणारा ट्रान्स-२-नोनेनल हा रेणू लिटरमागे मायक्रोग्रॅमच्या दहाव्या हिश्श्यालाही नाकाला जाणवतो. उन्हात ठेवली तर आणखी वेगळं प्रकरण: प्रकाश आणि बिअरमधलं रायबोफ्लेविन मिळून आयसो-अल्फा आम्लं मोडतात, त्यातून गंधकाचा एक उग्र रेणू बनतो आणि अमेरिकन माणसाला स्कंक हा दुर्गंधी सोडणारा प्राणी आठवतो. तपकिरी बाटली त्यासाठी असते. पारदर्शक बाटली फक्त दिसायला छान.

या एका बाबतीत पुण्यातला पिणारा सुखी आहे. २००९ मध्ये इथे डुलाली सुरू झाली, देशातल्या पहिल्या काही मायक्रोब्रुअऱ्यांपैकी ती एक. मायक्रोब्रुअरीत टाकीतून ग्लासात, मध्ये ट्रक नाही, गोदाम नाही. हॉप्स परदेशातून येतात, कारण या वेलीला उन्हाळ्यात लांबलचक दिवस आणि हिवाळ्यात कडक थंडी लागते. हिमाचलात लाहौलमध्ये ती थोडीफार होते, सह्याद्रीत नाही. पण बिअर ताजी असते, आणि आयपीएच्या बाबतीत मी ताजेपणाला नामांकित लेबलापेक्षा वरचा नंबर देईन. परदेशातून दोन महिने प्रवास करून आलेला, दुकानाच्या उजेडात बसलेला महागडा कॅन विकत घेण्याआधी तळाची तारीख बघा.

चाखताना नेमकं काय होतं? कडू ओळखणारे सुमारे २५ प्रकारचे रिसेप्टर, म्हणजे चव टिपणारे रेणू, माणसाच्या जिभेवर आहेत. आयसो-अल्फा आम्लांना त्यांतले तीन प्रतिसाद देतात, असं प्रयोगशाळेत दिसलंय. पण ६४ आयबीयू म्हणजे ६४ इतकं कडू लागेलच असं नाही. शिल्लक साखर तो आकडा झाकते. क्रिस्टल मॉल्टचं काम तेच आहे. बुडबुड्यांची चुणचुण ही निव्वळ फुटण्याची नसते. आंबट चव ओळखणाऱ्या पेशींवर एक विकर असतं, ते कार्बन डायऑक्साइडपासून आम्ल बनवतं आणि त्याची खबर मेंदूला जाते. बाकी ज्याला आपण चव म्हणतो, ती बहुतेक घशामागून नाकात चढलेली असते. नाक चिमटीत धरून घोट घ्या: कडू, आंबट, किंचित गोड, बस्स. चिमटी सोडा आणि श्वास बाहेर टाका, की कॅस्केड हजर. बिअर बर्फासारखी गार असेल तर हे घडतच नाही, वासाचे रेणू द्रवातून बाहेर पडायला तयार नसतात. आयपीए सात ते दहा अंशांना प्यावी.

आणि दोन ब्रुअऱ्यांच्या बिअरमध्ये फरक आहे की तो आपल्या मनाचा खेळ, हे ठरवायचं असेल, तर गप्पांपेक्षा त्रिकोणी चाचणी बरी. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीत १९४० च्या दशकात ती वापरात आली. तीन सारखे ग्लास, दोनात एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास कोणता, एवढंच सांगायचं. कोणती चांगली, कशाचा वास, काहीही विचारायचं नाही. रंगावरून ओळखू नये म्हणून काही प्रयोगशाळा लाल दिव्याखाली बसवतात. घरी अपारदर्शक स्टीलचे पेले चालतील, फक्त भांड्याच्या साबणाचा वास नको. पेल्यांचा क्रम प्रत्येकासाठी बदलायचा आणि भरणाऱ्याने समोर थांबायचं नाही, कारण त्याच्या चेहऱ्यावर उत्तर दिसतं.

नुसत्या अंदाजाने तीनातला एक जण बरोबर येतोच. म्हणून बारा जण बसले आणि पाच जणांनी बरोबर ओळखलं, तर त्याला काही अर्थ नाही. सात आले तरी संख्याशास्त्र पाच टक्क्यांच्या कसोटीवर ते मान्य करत नाही. आठ लागतात. पन्नास-पन्नास मिलिलिटरचे घोट पुरतात, सोबत साधं पाणी आणि बिनमिठाचा पाव. दोन फेऱ्यांनंतर थांबायचं, कारण कडूपणा जिभेवर साचतो आणि तिसऱ्या फेरीतले बरोबर आलेले आठ हे चाखणारे की नशीबवान, हे मग सांगता येत नाही.