क्वार्टर नोट म्हणजे एक सेकंद? तसं नाही

सोलापुरात की-बोर्डच्या क्लासला मुलं धाडणाऱ्या पालकांमध्ये एक मेसेज फिरत असतो : ‘स्टाफ नोटेशनमध्ये क्वार्टर नोट एक सेकंद, हाफ नोट दोन, होल नोट चार.’

स्टाफ नोटेशन म्हणजे पाच आडव्या रेघांवर सूर लिहिण्याची पाश्चात्त्य पद्धत; क्वार्टर, हाफ, होल ही तिच्यातली सुरांच्या लांबीची चिन्हं. मेसेजमधला हिशोब अर्धा बरोबर आहे, म्हणून तो पटतो. होल नोट क्वार्टरच्या चौपट, हे खरंच. पण ही चिन्हं नुसतं प्रमाण सांगतात. वेळ ठरते लयीवर. ओळींच्या वर ‘क्वार्टर नोट = १२०’ असं लिहिलं असेल, तर मिनिटाला १२० ठोके, म्हणजे एकाला अर्धाच सेकंद. ६० असेल तेव्हाच पुरा सेकंद. खात्री करायची तर मोबाइलवरचा मेट्रोनोम (ठरल्या लयीत ठोके देणारं ॲप) आधी ६०वर, मग १२०वर लावून तीच ओळ वाजवा. कागद तोच, वेळ निम्मा.

रेस्टचंही, म्हणजे गप्प राहायच्या खुणेचंही, तसंच. होल रेस्ट (खालून चौथ्या रेघेला लटकलेला जाड ठोकळा) तर आणखी गमतीशीर : ४/४मध्ये (दर बारला, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या भागाला, चार ठोके) चार ठोके गप्प, पण ३/४मध्ये (दर बारला तीन) तीच खूण अख्ख्या बारची, म्हणजे तीनच ठोके.

पेटीच्या वहीत भातखंडे पद्धतीने (सा, रे, ग अशा अक्षरांत सूर लिहिण्याची हिंदुस्थानी संगीतातली पद्धत) ‘सा –’ लिहितात. ती आडवी रेघ थांबायची नव्हे, सा लांबवायची. विलंबितात (संथ लयीत) सा दोन मात्रांचा, म्हणजे दोन ठोक्यांचा, आणि द्रुतातही (जलद लयीतही) दोनच. घड्याळात मात्र दोन्हींचं अंतर वेगळं भरतं.